दुपारची पाटलीण

आमच्या परसातल्या धुण्याच्या दगडाला दोन मालकिणी होत्या. सकाळी माझी आई आणि दुपारी एक घोरपड. आईचं धुणं आटपायचं, दगड वाळायचा, ऊन माडांच्या झावळ्यांतून सरकत सरकत दगडावर येऊन बसायचं, आणि मग विहिरीच्या दगडांतल्या एका फटीतून आधी जीभ बाहेर यायची, टोकाशी दोन फाटे असलेली, मग तोंड, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग सगळं अंग. शेपटी धरली तर तेव्हाच्या माझ्याएवढी लांब होती. घाई तिला माहीतच नव्हती. एक पाय टाकायचा, थांबायचं, मान उचलून चारी बाजूंना बघून घ्यायचं, मग दुसरा. लुगड्याचा पदर सावरत लग्नाच्या मांडवात शिरणारी मानाची बाई कशी चालते, अगदी तशी. म्हणून बाबांनी तिचं नाव पाटलीण ठेवलं. आमच्या गावची खरी पाटलीण हुबेहूब तशी चालायची. तिच्या कानावर हे कधी गेलं नाही, नाहीतर आमचं काही खरं नव्हतं.

परस म्हणजे काही बाग नव्हे. बाग हा शब्द मी इकडे नवीन पनवेलला राहायला आल्यावर वापरायला लागले, इथं सोसायटीच्या मागं चार कुंड्या मांडल्या तरी बाग म्हणतात. आमच्याकडे पाच माड होते, एक शेवगा, मोरीचं पाणी जाईल तिथं अळू आणि केळी, मांडवावर चढवलेली शिराळी आणि काकडी, एक पपई जी कुणी लावली नव्हती, आणि ती विहीर. पाणी मचूळ, प्यायला उपयोगाचं नाही, धुण्याभांड्याला चालायचं. परसाच्या पलीकडे भाताची खाचरं, त्यापलीकडे खाडी. घर रोडपालीच्या अंगाला होतं. आता तिथं लोखंड वाहणारे ट्रक उभे असतात. मध्यंतरी मुलानं मला गाडीतून मुद्दाम नेलं आणि म्हणाला, आई, ओळख बघू कुठं होतं घर. मी एका ट्रककडे बोट दाखवलं. त्याला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मी अंदाजानंच दाखवलं होतं.

त्या परसात कोण यायचं नाही ते विचारा. मुंगसाची मादी तीन पिल्लं मागं लावून जायची, एकाचं नाक दुसऱ्याच्या शेपटीला, लांबून दोरीच ओढत नेल्यासारखी दिसायची. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, पपईवर यायचा. तो फळ तोडून न्यायचा नाही, झाडावरच बसून आतला गर खायचा आणि साल तशीच लटकत ठेवायचा. आई पिकली म्हणून पपई काढायला जायची आणि हातात नुसतं टरफल. मग ती त्याला जे काय बोलायची ते मी इथं लिहीत नाही. पेंढ्याच्या उडवीत धामण राहायची. माझी आत्या शपथेवर सांगायची की ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. बाबा म्हणायचे, "आक्का, गाय आटून वरीस झालं, मंग ती काय बिनदुधाची पिते?" खाडीकडून कोल्हा यायचा तो पहाटे, चिंबोऱ्यांची टरफलं शोधत. झुंजुमुंजू उजाडताना मी त्याला दोनदा पाहिला. ओला, हडकुळा, कुणाच्या तरी घरी चुकून शिरल्यासारखा तोंड करून उभा.

आईची एक रीत होती. भाताची पेज असो, कढत पाणी असो, परसात ओतायच्या आधी ती दारात उभी राहून म्हणायची, "सरका गो बायांनो." मग थोडं थांबायची आणि मग ओतायची. समोर कुणी दिसत नसे. पण जमिनीत, पाल्यात, दगडाखाली कुणीतरी राहतंय, त्याच्या अंगावर कढत पाणी पडू नये, एवढंच. तिच्या आईची तीच रीत होती म्हणे. मी अजून या चौथ्या मजल्यावर बेसिनमध्ये कढत पाणी ओतताना तोंडातल्या तोंडात सरका म्हणते. नात हसते. म्हणते, आजी, पाइपात कोण बसलंय?

बाबा मिठागरावर होते. लाकडी फळीनं मीठ ओढायचं, टोपल्या भरायच्या, डोक्यावरून वाहून राशीला टाकायच्या. दिवाळीनंतर खाडीकाठच्या खाजणातलं काम सुरू झालं की पावसाच्या तोंडापर्यंत. एका वर्षी हंगामाच्या शेवटी शेवटी टोपली डोक्यावर असतानाच बांधावरून त्यांचा पाय घसरला. पडले ते कमरेवर. चौघांनी घरी आणून ठेवलं. पनवेलच्या डॉक्टरानं गोळ्या दिल्या, पट्टा दिला, पडून राहा म्हणाला. पावसाळाभर ते पडून राहिले. कंबर थोडी सावरली पण पाय उठेनात. गुडघे सुजून पपनसाएवढे झाले होते आणि खालचे पाय बारीक होत चालले होते. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. शाळा चौथीतच सुटलेली. पुढचं वाचणं-लिहिणं मी वाण्याकडच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले, म्हणून माझं अक्षरही जिरं-मोहरीसारखं आहे. आई भातलावणीला जायची, आत्या चूल सांभाळायची, आणि बाबांना सांभाळायचं काम माझ्याकडे.

त्यांची बाज आम्ही मागच्या पडवीत टाकली होती, परसाकडे तोंड करून. ती त्यांनीच मागितलेली जागा. ओटीवर टाकली तर येणारा-जाणारा विचारपूस करतो आणि त्यांना कीव करून घ्यायची नव्हती. पडवीत पडल्या पडल्या त्यांना विहीर दिसायची, दगड दिसायचा. पावसाची उघडीप असली की दुपारी जेवण झाल्यावर ते विचारायचे, "पाटलीन आली काय गो बाय?" मी दगडाशेजारी बसून सकाळची मासळी साफ करत असायची, निवट्या, मांदेली, असेल ते. पोटातली घाण मी दगडाच्या कडेला ठेवायची. मी म्हणायची, "नाय अजून." मग थोड्या वेळानं फटीतून जीभ दिसायची आणि मी म्हणायची, "आली." बाबा उशीवर मान टेकवून गप्प बघत राहायचे. त्यांच्या दिवसभरात तेवढीच एक गोष्ट हलती होती. बाकी सगळं, ते स्वतःसुद्धा, जागच्या जागी होतं.

पहिल्या-पहिल्यांदा ती मला बघून मागं सरायची. मग सरेनाशी झाली. भाद्रपदापर्यंत मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले तरी ती खुशाल अंग पसरून डोळे मिटायची. तिच्या मानेखालची कातडी श्वासागणिक हलायची, जुन्या पिशवीसारखी. कधी ती एक डोळा उघडून माझ्याकडे बघायची आणि पुन्हा मिटायची. बाबा पडवीतून हळूच म्हणायचे, "बघ, पाटलीन बघतेय काम नीट करतंस का." त्या दुपारी फार छान होत्या. मला माहीत आहे, घरात माणूस पडलेला, आई अर्धी झालेली, अशा दुपारींना छान म्हणू नये. पण होत्या.

आत्यानं तो विषय काढला तेव्हा आम्ही सगळे पडवीतच जेवत होतो. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं, त्यात सुकी कोलंबी. आत्या बाबांपेक्षा थोरली, लवकर नवरा गेला तेव्हापासून आमच्याकडे. बाबांना तिनं कडेवर वाढवलेलं. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "नारना, घोरपडीच्या चरबीचं तेल लावलं का गुडघं मोकलं होतात. सगल्यांना माहीत हाय. घरात बसलीय ती आयती, आन आपून पनवेलशी जाऊन गोल्या आनतोय."

बाबा हसले. "आक्का, ती माजी पावनी हाय. तिला मारून मी उठलो तर मंग बसू कोनाच्या सोबतीला?"

"उठल्यावर बसायला कशाला पायजे सोबत? उठ नी काम कर."

"नाय म्हनलं ना," बाबा म्हणाले, या वेळी न हसता. "तिच्या अंगाला हात लावायचा नाय कोनी. बाय, तू पन ऐक."

मी ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. आत्या मात्र पुढचा महिनाभर आईच्या मागं होती. विहिरीवर, चुलीपाशी, खाचरात भात वाकलं तेव्हा बांधावर, सगळीकडे. "जनावर मोठं का नवरा मोठा, सांग गो मला." आई ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "त्यांनी नको सांगितलंय." आत्या म्हणाली, "लहानपनी कडू काढा पन नको सांगायचा. मी नाक दाबून पाजलाय. म्हनून जगला."

मग नवरात्र सरल्यावर मिठागराचा मुकादम आला. माणूस वाईट नव्हता. ओटीवर न थांबता सरळ पडवीत आला, बाजेपाशी उकिडवा बसला, चहा घेतला. म्हणाला, "नारायन, दिवाली झाली का खाजन बांधायला घ्यायचं हाय. तुझी जागा मी आजून कोनाला दिली नाय. पन मला बघू दे, उभा रा जरा." बाबा म्हणाले, "त्यात काय," आणि पडवीच्या खांबाला धरून उठायला लागले. त्यांचे हात तेव्हाही जबर होते. हातांवर ओढून त्यांनी अंग वर घेतलं, आणि क्षणभर, खरंच सांगते, ते उभे होते. मग गुडघे असे वळले जसे काही त्यांचे नव्हतेच. मुकादमानं बगलेत धरलं. चहाची बशी फुटली. बाबा म्हणाले, "पाय झोपला होता." मुकादम म्हणाला, "होतं तसं. दिवाली लांब हाय आजून." आई दाराच्या आड उभी होती. तो गेल्यावर तिनं बशीचे तुकडे गोळा केले, बाहेर नेऊन टाकले आणि परत आली ती चुलीपाशी आत्याकडे. म्हणाली, "बोलव सोमाला."

सोमा डोंगराखालच्या कातकरी वाडीवरचा. मध घेऊन यायचा, चिंबोऱ्या घेऊन यायचा. परसातल्या सगळ्या जनावरांच्या वाटा त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होत्या. त्यानं विहिरीत डोकावून बघितलं, फट बघितली, दगड बघितला. मग डोकं खाजवत म्हणाला, "वयनी, ह्या तेलानं काय होत नाय. माझ्या बापाला लावलं ना मी. दोन बाटल्या. होता तसाच गेला तो."

आत्या म्हणाली, "तुझा बाप म्हातारा होता. नारन चालिशीचा हाय. तू धर, शहानपन नको शिकवू."

"धरायचं काय," तो म्हणाला. "पन फटीत असली का ती अंग फुगवते. मंग चार मानसांनी वढली तरी निघनार नाय. दगडावर आली पायजे. आन मला बघून ती यायची नाय." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "पोरीला येते ना?"

मला काय करायचं होतं? काहीच नाही. रोज बसत होते तसं बसायचं होतं. मासळी साफ करायची होती. एवढंच. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा उठतील बाय." तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला, तो ती कधी फिरवायची नाही. मी हो म्हणाले. कुणी मला मारलं नाही, धमकावलं नाही. मला हेच सारखं आठवतं. मला खरंच वाटलं होतं की बाबा उठतील.

दुसऱ्या दिवशी आईनं सांगितलं की पडवी सारवायची आहे. शेजारच्या दोघांना बोलावून बाबांना बाजेसकट पुढं ओटीवर नेलं. बाबा कुरकुरले, "आजच काय नडलंय? परवा सारवलीस ना." आई म्हणाली, "पोपडं निघालेत." आत्या त्यांच्यापाशी बसली, पान लावायला घेतलं आणि जुन्या गोष्टी काढल्या, बाबांनी लहानपणी माशाची गाभोळी कशी चोरून खाल्ली ती गोष्ट. ओटीवरून बाबांचं हसू ऐकू येत होतं. मी दगडाशेजारी बसले. टोपलीत निवट्या होत्या. केळीमागं सोमा कधी येऊन उभा राहिला ते मलाही कळलं नाही.

ऊन दगडावर आलं. भारद्वाज कुठंतरी हूप हूप करत होता. फटीतून जीभ बाहेर आली. मनातल्या मनात मी म्हणत होते की येऊ नको, आणि हातानं मासळीची घाण दगडाच्या कडेला ठेवत होते. दोन्ही मीच. ती आली. एक पाय, थांबली, मान वर करून बघितलं. मला बघितलं. दुसरा पाय. दगडावर अंग पसरलं आणि डोळे मिटले. तेवढ्यात आई पडवीच्या दारात शेणकाल्याची बादली घेऊन आली. तिनं केळीकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली, "सरका गो बायांनो." तिच्या हातात कढत पाणी नव्हतं. परसात ओतायला काहीच नव्हतं. पाटलिणीनं एक डोळा उघडला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, रोजचा होता. तिनं डोळा परत मिटला.

सोमानं एका हातानं मान आणि एका हातानं शेपटीचं मूळ धरलं, पण शेपटीचं टोक सुटलं आणि दगडावर आपटलं. तीनदा. थाप, थाप, थाप. ओला कपडा आपटल्यासारखा आवाज. ओटीवरून बाबांनी हाक दिली, "काय गो, धुनं काढलंस काय आता?" आईनं बादली खाली ठेवली. मग ती म्हणाली, "व्हय, गोधडी हाय." तोवर सोमा पाटलिणीला घेऊन कुंपणाबाहेर गेला होता. आई खाली बसली आणि पडवी सारवायला लागली. फार भराभर सारवली, हाताचे पट्टे एकावर एक चढवून, माझ्याकडे न बघता. सोमाला द्यायला तिनं सुपात तांदूळ काढून ठेवले होते. ते त्यानं नेले नाहीत. कुंपणाच्या खांबाशी सूप तसंच राहिलं आणि संध्याकाळी चिमण्यांनी अर्धं संपवलं.

चरबी आत्यानं कुंपणाबाहेर तीन दगड मांडून मंद आचेवर वितळवली. वास यायचा तो माशासारखाही नाही आणि मटणासारखाही नाही. औषधाच्या एका निळ्या बाटलीत भरून तिनं बाबांना सांगितलं की वैद्याकडून आणलंय. दुसऱ्या दिवसापासून मी लावायला लागले. दुपारी जेवणानंतर, बाज परसाकडे तोंड करून, मी पायथ्याशी बसून. खालून वर, हलक्या हातानं, आत्यानं शिकवलं होतं तसं. बाबांनी विचारलं, "पाटलीन आली काय गो बाय?" मी म्हणाले, "नाय अजून."

दुसऱ्या दिवशीही नाय अजून. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "ऊन तर चांगलं हाय." त्यांच्या तोंडाकडे बघून मला काय झालं कुणास ठाऊक, चौथ्या दिवशी मी म्हणाले, "आत्ताच येऊन गेली. तुझा डोला लागला होता." त्यांना एवढं बरं वाटलं. "मला उठवायचं ना," म्हणाले. मग मी रोजच सांगायला लागले. आज आली होती, शेपटी चिखलानं भरली होती. आज आली होती, बेडूक तोंडात होता. बाबा दुपारी झोपेनासे झाले, तिची वाट बघत. तेव्हा मग मी सांगायची, सकाळीच आली होती, तुला पट्टा बांधत होते ना तेव्हा. खोटं बोलणं मासळी साफ करण्यासारखं आहे, चार दिवस हात बुजतो आणि मग बघावं लागत नाही.

आत्या रोज गुडघे दाबून बघायची. "सूज उतरलीय जरा," म्हणायची. उतरली नव्हती. आईनं एकदाही बघितलं नाही. ती भात झोडून येऊन जेवायची आणि परसाकडे पाठ करून बसायची.

मागच्या पावसाळ्यात आमच्या इथं बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गटारातून एक घोरपड वर आली. लहानच होती, पाटलिणीच्या निम्मी. गाड्यांखाली शिरली, माणसं मोबाइल घेऊन धावली. मी लिफ्टनं खाली गेले, या गुडघ्यांना जिने आता जमत नाहीत, डॉक्टर ऑपरेशन सांगतात. साप पकडणारी एक मुलगी आली, पस्तिशीची असेल, तिनं शांतपणे तिला पिशवीत घेतलं. मी विचारलं, कुठं सोडणार गं हिला? ती म्हणाली, "कर्नाळ्याकडे सोडते आजी, सगळ्यांना तिथंच सोडते. तिथं तरी किती मावणार, पण दुसरी जागा कुठाय?" तिथून वर येताना लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरची एक शिकलेली बाई, बँकेत आहे, माझ्या काठीकडे बघत हळूच म्हणाली, "काकू, घोरपडीचं तेल गुडघ्यांना फार चांगलं म्हणतात. कुठं मिळतं का हो?" मी तिला सांगायला पाहिजे होतं. मी लावलंय, रोज लावलंय, काही होत नाही. पण चौथा मजला आला आणि मी बाहेर पडले.

तर त्या वर्षीची दिवाळी चार दिवसांवर आली होती. फराळाचं दळण दळून आत्या दमली होती, घरात तांदळाच्या पिठाचा वास होता. मी बाबांच्या पायांना तेल लावत होते. निळी बाटली निम्मी झाली होती. ऊन दगडावर आलं होतं. बाबा हळू आवाजात, ती बिचकेल म्हणून बोलायचे तसं, म्हणाले, "बाय. आली बघ पाटलीन."

माझा हात त्यांच्या गुडघ्यावर होता. मान वळवून दगडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. बघितलं असतं तर रिकामा दगड दिसला असता, आणि मग काय बोलले असते? मी खाली मान घालून तेल चोळत राहिले आणि म्हणाले, "व्हय. आली."

"मोठी झालीय ना?"

"व्हय."

भारद्वाज ओरडत होता. मी डोळे वर केले तेव्हा बाबा दगडाकडे बघत नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. तेलानं चकाकणाऱ्या माझ्या बोटांकडे. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी आज हे लिहायला बसले नसते.

"त्या दिवशी गोधडी धुतली ना आयनं," ते म्हणाले. "दोरीवर कुठं दिसली नाय ती मला वालत घातलेली."

मी बाटलीचं बूच लावलं.

"बाय, माझी बाज फिरव. तोंड भिंतीकडे कर."

मला एकटीला ती हलेना. मी आईला हाक मारली. आई आली, तिनं आमच्या दोघांकडे बघितलं. एका बाजूनं तिनं धरलं, एका बाजूनं मी, आणि बाज ओढत फिरवली. ओल राहिलेल्या जमिनीत बाजेच्या पायांचे चर उठले. त्यांनी आत्याला कधी काही म्हटलं नाही, आईला नाही, मला नाही. तेल लावू नको असंही म्हणाले नाहीत. मी लावत राहिले, बाटली संपेपर्यंत, कारण थांबायचं कसं हे कुणालाच कळत नव्हतं. ते पाय पुढं करून द्यायचे, तोंड भिंतीकडे ठेवून. पाटलीण आली का, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दिवाळी झाली, मिठागरावर दुसऱ्या माणसाला जागा मिळाली. मुकादम सांगायला आला तेव्हाही बाबा भिंतीशीच बोलले, "बरं झालं," एवढंच.

त्यानंतर ते दोन पावसाळे होते. आई धुणं घेऊन गावच्या तळ्यावर जायला लागली, लांब पडायचं तरी. दगडावर शेवाळ चढलं. विहिरीच्या फटीत मी कधी कधी डोकावायची, पण त्यात कुणी राहायला आलं नाही.

बाबांना नेलं त्या दिवशी बायकांनी घर धुतलं, आणि पडवीत बाज उचलल्यावर खाली, तेव्हापासून न सारवलेल्या जमिनीत, तिच्या पायांचे आठ खळगे दिसले. चार परसाकडे तोंड असतानाचे, चार भिंतीकडे असतानाचे, मधे ते चर. आईनं शेणकाला कालवला. आत्या म्हणाली, "राहू दे आज, उद्या सारव." आईनं ऐकलं नाही. मी बादली धरून उभी राहिले आणि ती एकेक खळगा बोटांनी भरत गेली, दाबून, वर हात फिरवून, अगदी सावकाश, पट्ट्याला पट्टा लावून. या खेपेला कारण खोटं नव्हतं.